फसलेल्याचा अपराध कोणता?

गेल्या चातुर्मासात आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध सभासद सायंकाळच्या पुराणाला एकाएकी येईनासे झाले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. लहानथोर सारे त्यांना मास्तरकाका म्हणतात. सभामंडपातील उजवीकडच्या दुसऱ्या खांबाशी त्यांची जागा इतकी ठरलेली की ती रिकामी दिसली म्हणजे पुराणिकबुवांचीही दृष्टी क्षणभर तेथे थबके. प्रकृती बरी नसेल असे प्रथम वाटले. आठ-दहा दिवस गेले, तेव्हा मी समाचारास म्हणून त्यांच्या घरी गेलो. प्रकृती ठीक होती. मात्र माणूस खचला होता.

बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात हकीकत सांगितली. एके दिवशी सकाळी त्यांना एक फोन आला. ‘तुमच्या नावे परदेशी निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमचा आधार क्रमांक त्यावर आहे,’ असे शुद्ध हिंदीत कोणी सांगितले. मागाहून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गणवेशातील अधिकारी दिसू लागला. त्याच्या पाठीमागे पोलीस ठाण्याची भिंत होती, मेजावर राष्ट्रध्वज होता. शिक्क्याचा, सहीचा, राजमुद्रेचा कागद पाठविण्यात आला. ‘तुम्हांस घरातच अटक झाली आहे. पडद्यासमोरून हलू नका. कोणास सांगाल तर त्यालाही आरोपी करू.’ मुलगा व सून दिवसभर कामावर, नात शाळेत. तीन दिवस हा सत्तरी उलटलेला माणूस त्या चार बोटांच्या पडद्यासमोर बसून राहिला. स्नानाला जाण्यासाठीही त्याने त्या भामट्याची परवानगी मागितली. तिसऱ्या दिवशी ‘तपासणीपुरते’ म्हणून त्यांनी बँकेतील मुदत ठेव मोडून सांगितलेल्या खात्यात रक्कम भरली. सायंकाळी फोन मुका झाला आणि काय घडले ते त्यांच्या ध्यानात आले.

पुढचे चार दिवस ते कोणाशीही एक शब्द बोलले नाहीत. मी विचारले, “काका, त्याच संध्याकाळी का नाही सांगितलेत?” त्यांनी दिलेले उत्तर मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, “सांगायचे कोणाला? मुलगा म्हणाला असता, ‘बाबा, तुम्ही एवढे शिकलेले, आणि...’ त्या ‘आणि’च्या पुढचे ऐकण्यापेक्षा पैसे गेलेले पत्करले, असे वाटले रे.”

त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, ही हकीकत येथे लिहीत आहे. लिहिण्याचे प्रयोजन हळहळ व्यक्त करणे हे नव्हे. त्या एका ‘आणि’ने एक नैतिक प्रश्न उभा केला आहे आणि त्याचा विचार आपण सर्वांनी करावा असे मला वाटते. चोरी झालेल्या घरी आपण सांत्वनासाठी जातो. मग फसलेल्या माणसाला मात्र आपण आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करतो? त्याचा अपराध तरी कोणता?

या प्रश्नाला लोकव्यवहाराचे एक तयार उत्तर आहे. आमच्या बडोद्यात गुजराती शेजारी नेहमी म्हणतात की, लोभी असतील तेथे धूर्त उपाशी मरत नाहीत. म्हण खोटी नाही. दामदुप्पट करून देणाऱ्या मंडळ्या, न काढलेल्या सोडतीचे न लागलेले बक्षीस, घरबसल्या मिळणारा अचाट नफा, या साऱ्या जाळ्यांत लोभाचा दाणा टाकलेला असतो हे खरेच. पण म्हण सार्वत्रिक सत्य मानून चालण्यात धोका असतो. मास्तरकाकांना कोणी काही देऊ केले नव्हते. त्यांना धाक घालण्यात आला होता. त्यांचा घात झाला तो कायद्याच्या धाकाने, आणि कायद्याचा धाक ज्याला वाटतो तो सामान्यतः सज्जनच असतो. सराईत गुन्हेगाराला असा फोन आला असता तर तो हसला असता. ज्याने जन्मात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, त्याचेच हातपाय त्या आवाजाने गळून जातात.

या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव आहे, वस्तू नाही. भारतातील कोणत्याही कायद्यात पडद्यावरून अटक करण्याची तरतूद नाही. पोलीस, केंद्रीय अन्वेषण विभाग वा अंमलबजावणी संचालनालय यांपैकी कोणीही फोनवरून कोणास अटकेत ठेवीत नाही, आणि चौकशीसाठी म्हणून खात्यातील पैसे दुसऱ्या खात्यात भरावयास सांगत नाही. रिझर्व्ह बँकेत व्यक्तींची खाती नसतात, तेव्हा ‘रिझर्व्ह बँकेच्या सुरक्षित खात्यात रक्कम ठेवा’ हे वाक्यच मुळी असत्य आहे. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीविषयी देशाला सावध केले व थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा मंत्र दिला. पुढील वर्षी हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपली कैफियत मांडली. सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रक्कम उकळण्यात आली होती. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. अशा रीतीने लुबाडलेली रक्कम सुमारे ३,००० कोटी रुपये असल्याचे या सुनावणीत समोर आले.

फसलेल्यांत अडाणी तेवढे असतील असे कोणी समजू नये. २०२४ साली लुधियाना येथील एक ८२ वर्षांचे नामांकित उद्योगपती अशाच जाळ्यात सापडले. हजारो माणसांच्या पोटापाण्याची व्यवस्था लावणारे हे गृहस्थ. त्यांच्यासमोर पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाचे सोंग उभे करण्यात आले, सरन्यायाधीशांच्या नावाने सुनावणीचे नाटक झाले, आणि ७ कोटी रुपये गेले. त्यांनी केलेली मोठी गोष्ट पुढची. त्यांनी तक्रार केली, जाहीरपणे बोलले, आणि त्या रकमेपैकी मोठा भाग परत मिळविता आला. जे त्यांना जमले ते आमच्या मास्तरकाकांना का जमले नाही, याचा विचार पुढे करू.

प्रथम विश्वासाचा विचार करू. आपल्या गावची गोष्ट घ्या. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानात लागू केला. १९०८ साली त्यांनी येथे बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी घरातील हंड्यात, भिंतीतील कोनाड्यात, जमिनीखाली पैसा पुरून ठेवला होता, त्यांच्या नातवंडांनी तो बँकेत ठेवला. सावकाराच्या शब्दाऐवजी छापील पावती आली, कारकुनाच्या मर्जीऐवजी शिक्का व सही आली. शिक्का पाहून मान तुकवावी, सहीवर भरवसा ठेवावा, सरकारी कागदाला उत्तर द्यावे, हे या पिढीला कोणी उगाच शिकविले नाही. दोन-तीन पिढ्यांच्या परिश्रमांनी मिळविलेले ते नागरिकत्व आहे. आज ज्याला आपण वृद्धांचा भोळेपणा म्हणतो, त्याचा बराचसा भाग म्हणजे हे नागरिकत्वच होय.

खोटे नाणे चालते ते खऱ्या नाण्याच्या पतीवर. ज्या गावात खरे नाणेच कोणी स्वीकारीत नाही, तेथे खोटे पाडण्याचा उद्योग कोण करील? तद्वत् न्यायालयाचा आदर, पोलिसांचा वचक आणि बँकेची पत समाजात आहे, म्हणूनच त्यांचे सोंग घेणाऱ्याचे फावते. यास्तव हा भामटा एका माणसाला लुबाडून थांबत नाही. समाजाच्या विश्वासाची जी सामाईक विहीर आहे, तिच्यात तो विष कालवतो. उद्या बँकेचा खरा अधिकारी फोन करील तेव्हा त्यालाही शिव्या बसतील. टपालाने आलेल्या खऱ्या नोटिशीकडे लोक दुर्लक्ष करतील. प्रत्येक फसवणुकीनंतर समाज थोडा अधिक संशयी, थोडा अधिक एकाकी होतो. या हानीची मोजदाद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

आता आपल्याच एका प्राचीन कथेकडे वळू. महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग आपण सर्वांनी पुराणात अनेकदा ऐकला आहे. मात्र या दृष्टीने तो पाहावयाचा राहून जातो. वयोवृद्ध आचार्य द्रोण रणांगणावर अजिंक्य होते. शस्त्राने ते हरणार नाहीत, हे ओळखून पुत्रप्रेमाचा मार्ग निवडण्यात आला. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून भीमाने ‘अश्वत्थामा मारला गेला’ अशी आरोळी ठोकली. ध्यानात घ्या, द्रोणांनी ती आरोळी खरी मानली नाही. त्यांनी संशय घेतला, खातरजमा करावयाचे ठरविले, आणि जो त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटे बोलणार नाही असा त्यांचा विश्वास होता, त्या युधिष्ठिरालाच विचारले. सावध माणसाने जे करावे ते सारे त्यांनी केले. पण ज्याच्याकडे खातरजमा करावयाची, तोच त्या क्षणी कटात सामील होता. ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटला गेला, तो द्रोणांना ऐकू आला नाही. शस्त्र खाली ठेवून ते योगासनात बसले आणि त्यांचा वध झाला.

आजच्या फसवणुकीची सर्व अंगे या प्रसंगात आहेत. प्रिय व्यक्तीवर संकट आल्याची वार्ता आहे, अधिकारी पुरुषाची साक्ष आहे, अर्धवट सत्य आहे, आणि विचाराला सवड न देणारी घाई आहे. ‘तुमच्या नातवाला अपघात झाला आहे’, ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले आहे’, असे सांगून लुबाडणारे भीमाच्या आरोळीचाच प्रयोग करीत असतात. आता तर यंत्राच्या साहाय्याने प्रत्यक्ष मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. म्हणजे युधिष्ठिराचा आवाजही उसना आणता येऊ लागला आहे.

पण मला या कथेतील महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. महाभारताने या प्रकरणी दोष कोणाला दिला? धरणीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या वाक्यासरशी भूमीला टेकला. अर्जुनाने त्याला कठोर शब्दांत दूषण दिले. अखेरीस स्वर्गाच्या दारी नरकाचे दर्शन घडले तेही त्यालाच. द्रोणांच्या इतर वर्तनावर महाभारताने टीका केली आहे, पण ‘एका शब्दावर विश्वास ठेवला, काय मूर्ख म्हातारा!’ असे त्यात कोणी म्हणत नाही. रथ विश्वास ठेवणाऱ्याचा खाली आला नाही, विश्वास मोडणाऱ्याचा आला. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ही कथा रचली, त्यांना दोषाचे माप कोणाच्या पदरात घालावे हे बिनचूक कळत होते. आपल्याला मात्र त्याचा विसर पडला आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, ‘फसलेल्याचा काहीच दोष नाही म्हटले, तर सावधगिरीचे कर्तव्य उरतच नाही. दार सताड उघडे टाकून झोपणाऱ्यालाही आपण निर्दोष म्हणावयाचे काय?’ या आक्षेपात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. एक आहे दोष. तो घडून गेलेल्या कृत्याचा असतो आणि ज्याने अन्याय केला त्याचा असतो. दुसरे आहे कर्तव्य. ते पुढे पाहते आणि ते आपणा सर्वांचे असते. दाराला कडी लावणे हे घरधन्याचे कर्तव्य खरे. पण कडी विसरली म्हणून चोराचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही, आणि घरधनी चोराचा भागीदारही ठरत नाही. लोभाने फसलेल्यालाही हाच न्याय लागू आहे. लोभ हा त्याचा स्वतःचा दोष असेल. त्याबद्दल त्याने स्वतःशी विचार करावा. पण लोभी माणसाला लुबाडणे हेही लुबाडणेच. कायद्याचीही हीच दृष्टी आहे. पूर्वी ज्याला आपण ‘चारशेवीस’ म्हणत होतो, तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात आला आहे. कलमाचा आकडा बदलला, पण शिक्षा फसविणाऱ्यालाच आहे. फसणाऱ्याला शिक्षा देणारे कलम पूर्वीही नव्हते, आजही नाही. ते कलम आपण घरात व शेजारात चालवितो.

आणि या घरगुती कलमाचा परिणाम केवळ मन दुखावण्यापुरता राहत नाही. लुबाडलेला पैसा एका जागी थांबत नाही. तो पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा भाडोत्री खात्यांत, असा काही तासांतच पांगविला जातो. अशा फसवणुकीची तक्रार तत्काळ नोंदविता यावी म्हणून १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक ठेवलेला आहे. तेथे लवकर कळविले, तर वाटेतच रक्कम गोठविण्याचा संभव असतो. जो जो वेळ जातो, तो तो हा संभव ओसरत जातो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाच्या नकळत त्रयस्थाच्या लबाडीने खात्यातून पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर तोटा त्याच्यावर पडू नये, असा नियम घातला. त्या नियमाचा रोख नकळत गेलेल्या पैशाकडे होता. भयाखाली स्वहस्ते पाठविलेल्या पैशाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. तरीही दोहोंकडे शिकवण एकच आहे, ती म्हणजे विनाविलंब बोला.

मास्तरकाकांच्या ‘आणि’चे मोल आता ध्यानात येईल. ते चार दिवस गप्प राहिले, आणि त्या चार दिवसांत पैसा कोठल्या कोठे गेला. त्यांना गप्प कोणी बसविले? पहिले तीन दिवस भामट्याने बसविले. पुढचे चार दिवस आपण बसविले. ‘कोणास सांगू नका’ ही भामट्याची आज्ञा होती. आपल्या उपहासाच्या भयाने ती आज्ञा तो निघून गेल्यावरही चालू राहिली. फसलेल्यांच्या गोष्टी आपण कट्ट्यावर, चहाच्या वेळी हसत हसत सांगतो. तेव्हा शेजारी बसलेला कोणी वृद्ध मनात नोंद करून ठेवीत असतो की, असा प्रसंग आपल्यावर आला तर इथे बोलावयाचे नाही. उपहास करणारा नकळत चोराचा पहारेकरी होतो, हे मी जाणूनबुजून कठोर शब्दांत लिहीत आहे, कारण तसा हसणाऱ्यांत मीही होतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण धोका केवळ उपहासात नाही, काळजीतही आहे. वडील फसल्याचे कळले की, मुले पुष्कळदा सद्हेतूनेच एक गोष्ट करतात. पासबुक काढून घेतात, कार्ड काढून घेतात, फोन साधा देतात, आणि म्हणतात, ‘बाबा, आता तुम्ही काही बघू नका.’ हे रक्षण आहे काय? वरवर पाहता आहे. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे संसाराचा जमाखर्च लिहिला, त्याच्या हातातून लेखणी काढून घेणे ही दुसरी लूट आहे. भामट्याने पैसा नेला, आपण त्याचे कर्तेपण नेतो. राखण आणि ताबा यांत अंतर आहे. राखणदार मालकासाठी जागतो; ताबेदार मालकालाच बाजूस सारतो.

शिवाय हा ताबा कधी कधी निर्मळ राहत नाही. फसवणूक बाहेरचेच करतात असे नाही. डोळ्यांनी नीट वाचता न येणाऱ्या आईपुढे कागद ठेवून ‘इथे सही कर’ म्हणणारा हात घरचाही असतो. ‘शेवटपर्यंत सांभाळीन’ असे सांगून घर नावावर करून घ्यावयाचे आणि मग आईला जिन्याखालची खोली द्यावयाची, असे प्रकार घडतात म्हणूनच २००७ साली मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा करावा लागला. त्याच्या २३ व्या कलमान्वये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळविता येते. मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला दिलेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी याच तत्त्वावर रद्द ठरविले. पडद्यावरच्या परक्याला चोर म्हणताना घरातील सहीचाही विचार प्रत्येकाने करावा.

मग खरे रक्षण कसे करावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे त्याची कसोटी एकच आहे. जो नियम घरातील वृद्धाला लावावयाचा, तो घरातील प्रत्येकाने स्वतःला लावून घ्यावा. ‘बाबांनी मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी मला विचारावे,’ असे मुलाला वाटत असेल, तर मुलानेही मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी बाबांना विचारावे. मग ती पाळत राहत नाही, घरची रीत होते. अपरिचित फोनवरून पैशाची गोष्ट निघाली की, फोन ठेवावयाचा आणि आपल्या वहीत आधीपासून लिहून ठेवलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावयाचा. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. द्रोणांनी खातरजमा केली, पण रणांगणाच्या बाहेर जाऊन केली नाही, हे ध्यानात ठेवावे. मुलाच्या वा नातवाच्या आवाजात संकटाची हाक आली तर ओळख पटविण्यासाठी घरापुरता एखादा सांकेतिक शब्द ठरवून ठेवावा. पूर्वी सैन्याच्या छावणीत असा परवलीचा शब्द असे. आता तो दिवाणखान्यात आणण्याची वेळ आली आहे. आणि कितीही तातडी सांगितली तरी पैशाचा निर्णय एक रात्र उलटल्यावाचून करावयाचा नाही. खरे सरकारी काम एका रात्रीने अडत नाही, हा तर आपणा सर्वांचा आयुष्यभराचा अनुभव आहे!

या बाबतीत बँकेच्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाचेही मोठे काम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबाद येथील स्टेट बँकेच्या एका शाखेत एक ज्येष्ठ खातेदार ठेव मोडण्यास आले. खिडकीवरील कर्मचारी महिलेला त्यांची अस्वस्थता दिसली. तिने काम उरकून टाकले नाही. कारण विचारले, घाई करू नका म्हणून विनविले, ते पुन्हा आले तरी धीर सोडला नाही, आणि अखेरीस १९३० या क्रमांकावर त्यांचे बोलणे घडवून आणले. सुमारे १३ लाख रुपये वाचले. या प्रसंगात कोणतेही नवे यंत्र नव्हते. एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले, एवढेच झाले. जाळे तोडण्यास एवढे पुरते, कारण त्या जाळ्याची मुख्य दोरी एकांत ही असते.

जाता जाता त्या पलीकडच्या आवाजाविषयीही दोन शब्द. म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत अशा फसवणुकीचे कारखानेच उभे राहिले आहेत. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले अनेक तरुण तेथे कोंडले जातात आणि त्यांच्याकडून धाकदपटशाने हे काम करून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. म्हणजे मास्तरकाकांना धमकावणारा तो तरुण कदाचित स्वतःच कोणाच्या धमकीखाली बोलत असेल, आणि त्याचेही आईबाप कोठेतरी फोनची वाट पाहत असतील. यामुळे कृत्य क्षम्य ठरते असे मी म्हणत नाही. परंतु फसणे हे केवळ वार्धक्याचे लक्षण नव्हे, ते तारुण्यालाही चुकत नाही, एवढे यावरून दिसेल. वयाप्रमाणे फक्त आमिष बदलते. तरुणाला आशेचे दाखवितात, वृद्धाला भयाचे.

असो. लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. फसलेल्याचा अपराध कोणता? मला तरी एकही सापडला नाही. त्याची एक चूक असेल, ती म्हणजे तो एकटा होता. आणि एकटेपणा ही एकाच माणसाची चूक कधीच नसते. संध्याकाळच्या पुराणाला येणारी जागा रिकामी दिसली, तर आठ-दहा दिवस थांबून समाचारास जाणारा मीही त्या चुकीचा वाटेकरी आहे. दुसऱ्याच दिवशी गेलो असतो तर काय झाले असते, हा विचार अद्याप माझी पाठ सोडीत नाही.

मास्तरकाकांनी मुलाला शेवटी सांगितले. मी सोबत होतो. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा, तीन दिवस तुम्ही जेवलात तरी का?” वृद्धाच्या डोळ्यांतून तेव्हा प्रथम पाणी आले. तक्रार नोंदविली आहे. थोडी रक्कम एका खात्यात गोठलेली सापडली. बहुतेक गेली ती गेली. पण कार्तिकी एकादशीपासून काका पुन्हा आपल्या खांबाशी येऊन बसू लागले. मध्यंतरी एकदा पुराण आटोपल्यावर त्यांनी बुवांची परवानगी घेऊन मंडळीसमोर स्वतःची सारी हकीकत, फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावे तशी, पायरीपायरीने सांगितली. कोणी हसले नाही. सभा संपल्यावर दोन वृद्ध मागे रेंगाळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, जरा बोलायचे होते.”